३१ डिसेंबरची रात्र : बँकेतली आणि चर्चमधली



दिवाळीत आपल्या ग्रुपवर वहीपूजनाच्या आठवणी छान रंगल्या होत्या. कुणी खडेबाजारातल्या पेढीबद्दल लिहिलं, कुणी आजोबांच्या लाल रोजकीर्दीबद्दल. तेव्हाच ठरवलं होतं की डिसेंबर संपता संपता आमच्या वर्षअखेरीबद्दलही लिहायचं. आम्ही बेळगावचे मराठी ख्रिस्ती. लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२० साली इथे आले, तिथून इथल्या मिशनच्या कामाची सुरुवात. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते काम मेथॉडिस्ट मंडळीकडे गेलं. त्या मंडळीची एक जुनी चाल म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना. आम्ही तिला सरळ ‘वॉच नाइट’ म्हणतो.

लहानपणी या रात्रीचं आकर्षण काय, तर जागायला परवानगी! रात्री दहाला स्वेटर, कानटोपी घालून निघायचं. गाणी मराठीत, एखादं कन्नडमध्ये. मग साक्षी, म्हणजे ज्याला वाटेल त्याने उभं राहून वर्षात देवाने काय दिलं, काय सोसायला लावलं ते सांगायचं. बाराला पाच-दहा मिनिटं उरली की सगळे गुडघ्यावर, एकदम शांतता. घंटा वाजली की हस्तांदोलन, चहा आणि कुंदा. आमच्या शेजारचे जोशीकाका दरवर्षी हसून म्हणायचे, “म्हणजे तुमची कोजागिरीच की!”

निवृत्तीनंतर ही चाल आली कुठून ते वाचायला घेतलं, तेव्हा कळलं की काकांची थट्टा फारशी चुकीची नव्हती.

जर्मनीत सॅक्सनी प्रांतात हेर्नहुट नावाचं गाव आहे. धर्मछळामुळे मोराव्हियातून पळून आलेल्या लोकांना काउंट झिंझेंडॉर्फ यांनी आपल्या जमिनीवर आसरा दिला, त्यातून १७२२ साली हे गाव वसलं. १७३३ साली तिथे वर्ष संपताना रात्र जागवून प्रार्थना झाल्याची नोंद सांगतात. पुढे जॉन वेस्ली यांचा मोराव्हियन लोकांशी जवळचा संबंध आला.

पण इंग्लंडात ही चाल रुजली ती पाळकांनी ठरवून नव्हे, तर खाणकामगारांमुळे. ब्रिस्टलजवळ किंग्जवूड म्हणून कोळशाच्या खाणींचा भाग. आठवडाभर जमिनीखाली राबायचं आणि शनिवारची रात्र गुत्त्यात घालवायची, अशी तिथल्या कित्येकांची रीत. वेस्लींच्या प्रवचनांनी यातले बरेच जण बदलले. पण रात्र जागायची सवय कुठे जाते? त्यांनी तीच रात्र प्रार्थनेत आणि गाण्यात घालवायला सुरुवात केली. हे १७४० च्या सुमाराचं. काही लोकांनी वेस्लींना सांगितलं, हे बंद करा, रात्रीबेरात्री जमणं बरं दिसत नाही. वेस्लींनी विचार केला आणि उलट म्हणाले की पहिल्या शतकांतले ख्रिस्ती लोकही असंच जागरण करत, मीही येतो.

त्यांनी वार ठरवला तो पौर्णिमेच्या जवळचा शुक्रवार. कारण अगदी व्यवहारी : लांबून येणाऱ्यांना मध्यरात्रीनंतर घरी चालत जाताना चांदणं मिळावं. म्हणजे खरोखरच कोजागिरी! आणि ती महिन्याची होती, वर्षाची नव्हती. गंमत म्हणजे तेव्हा इंग्लंडात कायद्याच्या कागदावर वर्ष सुरू व्हायचं २५ मार्चला. १ जानेवारी हा कायदेशीर वर्षारंभ झाला १७५२ पासून. वर्षअखेरीची रात्र म्हणून वॉच नाइट पक्की झाली ती हळूहळू, नंतरच्या काळात.

वेस्लींनी आणखी एक गोष्ट सुरू केली, कराराची उपासना. ११ ऑगस्ट १७५५ रोजी लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातल्या फ्रेंच चर्चमध्ये सुमारे १८०० लोकांनी उभं राहून देवाशी केलेला करार नव्याने मान्य केला. पुढे ही उपासना नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी होऊ लागली. यात आणि आपल्या ‘उद्यापासून फिरायला जाणार’ छाप संकल्पात फरक आहे. संकल्पात सगळा भरवसा स्वतःवर. करारात दोन पक्ष असतात, आणि त्यातला एक तरी शब्द मोडणार नाही, हा आमचा विश्वास.

आता ज्या भागाने मला, एका बँकवाल्याला, हलवलं तो सांगतो.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामगिरी होती तेव्हा १ जानेवारी हा हिशेबाचा दिवस असायचा. वर्षाची देणी फेडायची, नवे करार करायचे. आणि त्या हिशेबात माणसं असायची. मालकावर कर्ज झालं की गुलाम विकून भरपाई करायची, नाहीतर वर्षभरासाठी दुसऱ्याला भाड्याने द्यायचं. हॅरिएट जेकब्स या स्वतः गुलामगिरीतून सुटलेल्या बाईंनी १८६१ साली आपली आत्मकथा प्रसिद्ध केली. त्यात एका आईची हकीकत आहे. तिला सात मुलं. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी ती त्यांना लिलावाला घेऊन गेली आणि सातही मुलं तिच्यापासून गेली. म्हणून या लोकांसाठी ३१ डिसेंबरची रात्र म्हणजे उद्या आपण एकत्र असू की नाही, या धास्तीची रात्र.

सप्टेंबर १८६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी जाहीर केलं की बंड केलेली राज्यं परत आली नाहीत, तर १ जानेवारी १८६३ पासून तिथले गुलाम मुक्त समजले जातील. तारीख कळली, पण भरवसा कुणाला? लिंकन ऐनवेळी माघार घेतील अशीही भीती होती. ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री कृष्णवर्णीय लोक चर्चमध्ये आणि जागा मिळेल तिथे जमले आणि जागत बसले. ज्या तारखेची पिढ्यान् पिढ्या धास्ती घेतली, तिचीच आता वाट बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी लिंकन यांनी सही केली. सगळं एका रात्रीत सुटलं नाही. बंडात नसलेली सीमेवरची राज्यं त्या आदेशातून वगळली होती. संपूर्ण देशात गुलामगिरी संपली ती डिसेंबर १८६५ मध्ये, घटनादुरुस्तीने. पण तिथल्या कृष्णवर्णीय मंडळ्यांमध्ये ती रात्र आजही त्या आठवणीने पाळली जाते.

मी १९७३ साली बी.कॉम. होऊन बँकेत लागलो. आताच्या मुलांना ३१ मार्च ठाऊक. पण १९८७ पर्यंत आमचं वार्षिक क्लोजिंग ३१ डिसेंबरलाच असायचं! म्हणजे इकडे चर्चमध्ये घंटा वाजतेय आणि तिकडे मी खतावणीत डोकं घालून बसलोय. बचत खात्यांचं व्याज काढायचं, लेजरच्या बाक्या काढायच्या, बेरीज जुळवायची. सगळं हाताने. जुळली नाही की फरक शोधा. फरकाला २ ने भाग गेला तर जमेची रक्कम नावे पडली असेल. ९ ने गेला तर आकड्यांची अदलाबदल. एकदा ६३ रुपयांचा फरक अडला. सात वेळा नऊ. अकरापर्यंत पानं चाळली. शेवटी कुणीतरी ९२ चे २९ लिहिलेले सापडले. लिहिणारा मीच.

ते साल १९८४. घाईघाईने सायकल मारत चर्चला पोचलो तर साडेबारा वाजून गेले होते. माणसं पांगली होती. मागच्या बाकावर बाबा एकटेच, मफलर गुंडाळून माझी वाट बघत बसलेले.

“मिळाला का फरक?” त्यांनी विचारलं.

“मिळाला. माझीच चूक होती.”

“माझाही मिळाला,” बाबा म्हणाले. “माझीच चूक होती.”

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. धाकट्या काकांशी त्यांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. घराच्या सामाईक भिंतीवरून झालेलं भांडण. दोघे एकाच चर्चमध्ये, एक डाव्या बाजूला बसायचा, एक उजव्या. त्या रात्री साक्षीच्या वेळी बाबा उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, मी भावाला वाईट बोललो होतो, मला माफी हवी आहे. काका उठून आले. एवढंच. भिंत आहे तिथेच राहिली, तिच्याबद्दल पुन्हा कुणी काही बोललं नाही.

काका त्यानंतर चार वर्षं होते, बाबा सहा. त्या चार वर्षांत दर रविवारी दोघं एकत्र जेवले. मी आजही मनात हिशेब मांडतो : ती रात्र गेली असती, तर ती चार वर्षंही गेली असती.

बँकेत आम्ही बाकी पुढे ओढायचो. ३१ डिसेंबरचं येणं-देणं एक पैसाही न सोडता १ जानेवारीच्या पानावर यायचं. ते बरोबरच, बँक तशीच चालते. पण घर तसं चालत नाही. राग, अपराध, कुणाचा टाकून बोललेला शब्द हे सगळं मागील पानावरून पुढे नेत राहिलो, तर नवीन पान नुसतं नावाला नवीन. आमच्या विश्वासात त्या रात्रीचा अर्थ एवढाच आहे की देणं मोठं होतं आणि ते दुसऱ्याने, ख्रिस्ताने फेडलं. मग आपल्याकडे जे कुणाचं थोडंफार येणं असेल, ते सोडायला हात मोकळा होतो.

हे वर्ष कुणाला जड गेलं असेल. घरातलं माणूस गेलं असेल, आजारपण असेल, मुलं परदेशात आणि घर रिकामं असेल. त्यांना मी ‘सगळं छान होईल’ असं म्हणणार नाही. एवढंच सांगतो की १८६२ च्या त्या रात्री जागणाऱ्यांनाही उद्याची खात्री नव्हती. पण ते एकेकटे बसले नव्हते. तुम्हीही एकटे बसू नका. चर्चला जा, देवळात जा, नाहीतर शेजाऱ्याकडे जाऊन चहा प्या. आणि बारा वाजायच्या आत एका माणसाला फोन करा. कुणाला, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आमच्याकडे यंदाही दहाला उपासना आहे. मी या वयातही मागच्याच बाकावर बसतो.

तुमच्या गावची, तुमच्या घरची ३१ डिसेंबरची आठवण खाली जरूर लिहा. इंदूर, बडोदा, हैदराबादकडच्या मंडळींनी तर नक्कीच.

सर्वांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा.