सुहैलीची गळती

रिलीजनंतरच्या पहिल्या पंधरवड्याचा मला कायम धसका असतो. अशा वेळी हटकून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन आठवतो.

त्याची 'सुहैली' आपल्या मुंबईत बांधलेली. ३२ फुटी, सागवानी, बरीचशी हातानं घडवलेली; १९६४ च्या डिसेंबरात पाण्यात उतरली. १९६८ मध्ये तिची डागडुजी करून, सुकाणू आपोआप धरणारं यंत्र बसवून पठ्ठ्या १४ जूनला इंग्लंडातल्या फालमथहून निघाला. एकटा, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेला! केप व्हर्दे बेटांपाशी पोचेपर्यंत बोटीत पाणी भरायला लागलेलं. पंप मारून जीव मेटाकुटीला. बुडी मारून बघतो तर डोलकाठीखाली, तळाच्या कण्यालगत, दोन्हीकडे फळ्यांची सांध उघडलेली.

आता भर समुद्रात गोदी कुठून आणणार? कापूस ठासायला दम पुरेना. मग कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवला, डांबर फासलं, आणि श्वास धरून पाण्याखाली एकेक चूक ठोकत बसला. मध्येच शार्क आला, त्याला बंदुकीनं मारावं लागलं. (आणि आम्ही रात्री अकराला पॅच टाकायचा म्हणून कुरकुरतो.)

गळती आटोक्यात आली. यंत्र मात्र ऑस्ट्रेलियाजवळ कायमचं मोडलं. मग शिडं तोलून बोट सरळ ठेवत, ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला स्वारी फालमथला परत.