इंग्रजीभाषक देशांतील खाद्यनामे

इंग्रजी बोलणाऱ्या निरनिराळ्या देशांत रोजच्या खाण्याच्या जिनसांना रूढ झालेली वेगवेगळी नावे. बरेचसे भेद शेजाराने व स्थलांतराने घडले. ब्रिटनने फ्रेंचांकडून ‘कूर्जेट’ उचलले. त्याच भाजीला अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात ‘झुकिनी’ हे इटालियन नाव आहे. कोथिंबीर अमेरिकेत स्पॅनिश ‘सिलँट्रो’ झाली, धने मात्र तिथेही ‘कोरिअँडर’च राहिले. वांग्याचा प्रवास सर्वांत रंजक: ब्रिटनमध्ये ‘ओबर्जिन’, अमेरिकेत ‘एगप्लँट’ आणि भारतात ‘ब्रिंजल’. यांतले ‘ब्रिंजल’ पोर्तुगीजांमार्फत रुळले, ‘ओबर्जिन’ फ्रेंचमधून. दोन्हींच्या मुळाशी अरबी ‘बादिंजान’च आहे. न्यूझीलंडमध्ये रताळ्याला माओरी भाषेतले ‘कुमारा’ हे नाव आहे.

भिन्न नावांचा उलगडा लवकर होतो. खरी फसगत होते ती एकाच शब्दाचे अर्थ बदलतात तेव्हा. अमेरिकेतील ‘बिस्किट’ हा मऊ, फुगीर पाव असतो. ब्रिटिश बिस्किटाला तिथे ‘कुकी’ म्हणतात, तेही डच भाषेतून घेतलेले. ‘चिप्स’ मागितल्यास ब्रिटनमध्ये बटाट्याचे जाड, गरम तळलेले तुकडे मिळतात, अमेरिकेत थंड, कुरकुरीत काप. या कापांना ब्रिटिश लोक ‘क्रिस्प्स’ म्हणतात आणि महाराष्ट्रात ते ‘वेफर्स’ म्हणून विकले जातात. ऑस्ट्रेलियात दोन्ही पदार्थ ‘चिप्स’च. उपाहारगृहातील ‘आँत्रे’ अमेरिकेत मुख्य पदार्थ असतो, तर ऑस्ट्रेलियात त्याआधी येणारा.