लांजीचं सरपण

मृग लागायच्या आत वर्षभराचं सरपण घरात आलं नाही, तर आमच्या बालाघाट जिल्ह्यातल्या लांजीत त्या घरच्या कर्त्याला नावं ठेवत. तोड मात्र हिवाळ्यात व्हायची. झाडाची वाढ तेव्हा मंदावलेली असते, आणि जमिनीलगत उतरता घाव घालून तोडलेल्या बुंध्याला पुढे जोमदार फुटवे येतात. आमचा आजा कमरेइतकं खोड सोडून तोडणाऱ्याला पुन्हा बंडीवर घेत नसे.

पानं झडलेलं झाड ओळखायचं सालीवरून. साजाची, म्हणजे ऐनाची, साल काळी आणि मगरीच्या पाठीसारखी चौकटीचौकटीची. धावडा गुळगुळीत, राखाडी-पांढरा. सालईची साल कागदासारखी सुटते आणि खरचटली की राळेचा वास येतो. चुलीसाठी पहिला मान धावड्याचा, कारण त्याचा निखारा रात्रभर राखेखाली टिकतो. सालई भडकते आणि विझते; ती फक्त पेटवणाला. मोहाला कुऱ्हाड लावायची नाही, कारण त्याची फुलं आणि बियांचं तेल घराला पोसतं. साजात गोंडांचा बडादेव राहतो. रसेल आणि हिरालाल यांनी जाती-जमातींवरच्या १९१६च्या ग्रंथात ही श्रद्धा नोंदवली आहे, पण आमच्या घरी ती ग्रंथाविनाच पाळली जात होती. देवाचा साजा कोणता, हे शेजारच्या गोंडाला विचारूनच आजा रानात पाऊल टाकी.

तोडल्यावर धावडा ओला असतानाच फोडावा लागतो. वाळला की कुऱ्हाड उसळते. हिरव्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असतं, आणि चुलीची आच ते पाणी उडवण्यातच जाते. आजी म्हणायची, "बाबू, ओलं लाकूड भात शिजवत नाही, डोळे शिजवते." म्हणून सांदवाडीत, म्हणजे परसात, दोन आडव्या ओंडक्यांवर, वारा खेळेल अशा फटी ठेवून फाटे रचायचे. वैशाखापर्यंत टोकांना मधून बाहेर भेगा पडत, साल सुटे. एकावर एक आपटून टणक आवाज आला की लाकूड वाळलं.

या रानावरचा गावाचा हक्क पूर्वी कागदावर होता. नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४मध्ये खालसा झालं, १८६७मध्ये आमचा बालाघाट जिल्हा निघाला. मालगुजारी, म्हणजे गावच्या जमीनदारीच्या, बंदोबस्तात गावाच्या वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे रिवाजांच्या नोंदीत, रयतेचा निस्तार लिहिला गेला, म्हणजे सरपण, गवत, घराची लाकडं. सरकारी राखीव जंगलात मात्र १८७८च्या कायद्याने कुऱ्हाडीला परवाना लागला. हा सल किती खोल होता ते शेजारच्या सिवनी जिल्ह्यात दिसलं: ९ ऑक्टोबर १९३० रोजी तुरियाच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, त्यात तीन बाया आणि एक पुरुष मारले गेले. १९५१मध्ये मालगुजारी संपली आणि गावाचं रान सरकारजमा झालं. १९५६मध्ये शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तिकडच्या आमगाव-सालेकसाच्या सोयऱ्यांशी भाषा एकच राहिली, जंगलाचे कायदे वेगळे झाले.

मला वाटतं, रानाचा हक्क आणि झाडांची जाण ही एकमेकांना धरून होती. ज्या बुंध्याचे फुटवे आपल्याच नातवाला मिळणार, तो बुंधा माणूस जपून तोडतो. सरपण चट्ट्याच्या, म्हणजे रचलेल्या ढिगाच्या, भावाने सरकारी डेपोतून येऊ लागलं, तेव्हा धावडा कोणता हे पाहायची गरजच उरली नाही. गॅस आला हे चांगलंच झालं. आजीचे डोळे धुरानेच गेले, ते मी विसरलेलो नाही. पण अजूनही कितीतरी घरी पाणी तापवायला, धान उसनायला चूलच पेटते, आणि तिच्यात ओलं, कोवळं, मिळेल ते लाकूड जातं.

मध्य प्रदेशच्या १९५९च्या भूमहसूल संहितेत प्रत्येक गावाचं निस्तार पत्रक, म्हणजे या हक्कांची यादी, करण्याची तरतूद आहे. आपल्या गावाचं पत्रक तहसिलीत जाऊन मागा आणि वाचा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर या हिवाळ्यात त्याला रानात घेऊन जा, सालीवरून झाडं ओळखून घ्या.