मृदाजन्य प्रतिजैवे : महाराष्ट्रातील संशोधन

मृदेतील काही सूक्ष्मजीव अशी द्रव्ये निर्माण करतात की, ज्यांच्या योगे इतर सूक्ष्मजीवांची वाढ खुंटते अथवा त्यांचा नाश होतो. या द्रव्यांना प्रतिजैवे म्हणतात. सेल्मन वाक्समन यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत ॲल्बर्ट शॅट्झ यांनी १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसीन वेगळे केले व त्यानंतर देशोदेशींची माती तपासली जाऊ लागली. महाराष्ट्रात या कार्याचे आद्य केंद्र पुण्याजवळील पिंपरी हे होय.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना तेथे १९५४ मध्ये झाली व १९५५ मध्ये पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. कारखान्याचे मुख्य काम ज्ञात औषधे स्वस्तात पुरविण्याचे असले, तरी त्याच्या संशोधन विभागाने नव्या द्रव्यांचा शोधही हाती घेतला. पद्धत साधी, पण चिकाटीची कसोटी पाहणारी होती. चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यात कालवून तिचे विरलन करावयाचे, ते पोषक माध्यमावर पसरावयाचे आणि कोणत्या वसाहतीभोवती इतर जंतू वाढत नाहीत हे पाहावयाचे. अशा रीतीने मिळणारी बहुतेक द्रव्ये आधीच ज्ञात असलेली किंवा रोग्यासही विषारी ठरणारी निघतात.

कवकशास्त्रज्ञ मं. ज. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांना १९६१ च्या सुमारास हॅमायसीन हे कवकनाशक प्रतिजैव मिळाले. ते निर्माण करणाऱ्या जंतूला पिंपरीवरून स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना हे नाव देण्यात आले. कवकांच्या कोशिकापटलातील स्टेरॉलाशी ते बद्ध होते व पटल गळू लागते. जंतुजन्य रोगांवर त्याचा उपयोग नाही. तोंड, त्वचा व योनिमार्ग यांच्या कवकसंसर्गावर ते वापरले गेले. याच विभागातून निघालेले ऑरिओफंजिन हे प्रतिजैव मात्र पिकांच्या कवकरोगांवर उपयोगी पडले.

पिंपरीची आणखी एक निर्मिती नासिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या चांगलीच परिचयाची आहे. स्ट्रेप्टोमायसीन नऊ भाग व टेट्रासायक्लीन एक भाग यांचे स्ट्रेप्टोसायक्लीन हे मिश्रण सटाणा, मालेगाव, देवळा या भागांतील डाळिंबबागांत ‘तेल्या’ या जंतुजन्य रोगावर फवारले जाई. बाग हातची जाताना शेतकऱ्याने दुसरे काय करावे, हा प्रश्न रास्तच होता. परंतु प्रतिजैव तयार करणारा जंतू स्वतःच्या विषापासून वाचण्याची जनुकेही बाळगतो, आणि ती इतर जंतूंत संक्रमित होऊ शकतात. वारंवार फवारणी झाली म्हणजे अशी जनुके असलेले जंतूच मागे उरतात. स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयरोगावरीलही औषध आहे. या मिश्रणाच्या शेतीतील वापरावर टप्प्याटप्प्याने बंदी घालणाऱ्या आदेशाचा मसुदा केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केला.

प्रतिरोधी जंतूंवर चालणाऱ्या औषधाचा शोध मुंबईतही झाला. हेक्स्ट कंपनीच्या मुलुंड येथील संशोधन केंद्राने एका बॅसिलस जंतूपासून मिळविलेल्या मर्सॅसिडीन या प्रतिजैवाचे वर्णन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. जंतूची कोशिकाभित्ती बांधण्यास लागणाऱ्या ‘लिपिड-२’ या घटकाला ते व्हँकोमायसिनाहून वेगळ्या ठिकाणी पकडते व मेथिसिलीन-प्रतिरोधी स्टॅफिलोकॉकसावरही परिणाम करते. इतके असूनही ते औषध म्हणून बाजारात आले नाही. अमेरिकेतील मेन राज्याच्या मातीतून मिळालेले व २०१५ मध्ये जाहीर झालेले टेक्सोबॅक्टिनही याच घटकाशी बद्ध होते. त्याचा जंतू नेहमीच्या माध्यमावर वाढत नव्हता. तो मातीतच ठेवलेल्या सूक्ष्म कप्प्यांच्या साधनात वाढविण्यात आला. मृदेतील बहुसंख्य जंतूंची हीच स्थिती असल्याने पिंपरीच्या काळात तपासली गेलेली सृष्टी किती थोडी होती, हे ध्यानात येते.

स्वस्त आयातीपुढे पिंपरीचा कारखाना टिकाव धरू शकला नाही व १९९० नंतरच्या दशकात तो आजारी उद्योगांत गणला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देणी भागविण्यासाठी त्याची अतिरिक्त जमीन विकण्यास मंजुरी दिली.