निर्णायक सामने आणि कीर्तिमंदिर

बर्फावरील हॉकींत नियमित हंगाम संपल्यावर निवडक संघांच्या निर्णायक मालिका होतात व त्यांतून स्टॅन्ले चषकाचा विजेता ठरतो. केवळ या मालिकांत तळपलेल्या खेळाडूस टोरोंटोच्या कीर्तिमंदिरांत स्थान द्यावें काय?

क्लॉड लेम्यूचें उदाहरण घ्या. १९९५ च्या तोकड्या हंगामांत त्यानें ४५ सामन्यांत अवघे ६ गोल केले. पण पुढील मालिकांतील २० सामन्यांत १३! त्या वर्षीं न्यू जर्सीला प्रथमच चषक मिळाला आणि मालिकांतील सर्वोत्तम खेळाडूचा मान लेम्यूला. तीन संघांकडून मिळून चार चषक त्यानें जिंकले. खेळांतील सभ्यतेबद्दल मात्र त्याची ख्याति नव्हती. २०२५ च्या निवडीपर्यंत मंदिराचें द्वार त्याला उघडलें नाहीं. मला हें पटत नाहीं. ज्या सामन्यांसाठीं सारा हंगाम खेळावयाचा, त्यांतील पराक्रम गौण कसा?

नुसते चषक मोजावे, असेंहि नव्हे. चषक साऱ्या संघाचा असतो. पण मॉन्ट्रियलच्या क्लॉड प्रोव्होस्टनें १९६५ च्या अंतिम मालिकेंत शिकागोच्या बॉबी हलला जखडून ठेवलें, तें काम गोलांच्या हिशेबांत कोठें दिसणार? नऊ चषकांचा हा मानकरी १९८४ मध्यें वारला. तोहि बाहेरच राहिला.