कुटुंबांसाठी आणीबाणीचा निवारा (न्यूयॉर्क शहर)

घर गमावलेल्या गरीब कुटुंबांना, विशेषतः अल्पवयीन मुले किंवा गर्भवती स्त्री असलेल्या कुटुंबांना, तातडीने डोक्यावर छप्पर मिळवून देणारी न्यूयॉर्क शहराची सार्वजनिक व्यवस्था. अमेरिकेतील बहुतेक शहरांत निवारागृहे आहेत. परंतु जागा शिल्लक नसेल, तर आलेल्याला परत पाठवण्याची मुभा तेथील प्रशासनाला असते. न्यूयॉर्कमध्ये पात्र ठरलेल्या कुटुंबाला असे परत पाठवता येत नाही. ही बांधिलकी कोणत्याही एका कायद्याने आणलेली नाही. राज्यघटनेतील एक कलम, खात्याची परिपत्रके आणि पंचवीस वर्षे चाललेला एक खटला यांच्यातून ती हळूहळू घडली. म्हणून तिचा इतिहास प्रामुख्याने न्यायालयाच्या दप्तरात सापडतो आणि प्रस्तुत नोंदीतही न्यायालयाचे माप काहीसे झुकते राहिले आहे.

व्यवस्थेचा कारभार १९९३ पासून शहराच्या बेघर सेवा विभागाकडे आहे. तत्पूर्वी तो रोख साहाय्य देणाऱ्या मानव संसाधन प्रशासनाकडेच होता. निवाऱ्याचा खर्च हा सरकारी दृष्टीने कुटुंबाला मिळणाऱ्या साहाय्याचाच भाग समजला जातो. त्यामुळे निवारा मागणाऱ्या कुटुंबाला रोख साहाय्यासाठीही अर्ज करावा लागतो. मात्र निवाऱ्याची रक्कम कुटुंबाच्या हाती पडत नाही. ती थेट निवारागृह चालवणाऱ्या संस्थेला किंवा हॉटेलमालकाला जाते.

घटनात्मक आधार. महामंदीच्या पार्श्वभूमीवर १९३८ साली न्यूयॉर्कच्या राज्यघटनेत सतरावे कलम घालण्यात आले. गरजूंचे साहाय्य व सांभाळ ही सार्वजनिक बाब असून राज्याने व त्याच्या उपविभागांनी ती पार पाडावी, असे ते सांगते. अमेरिकेच्या संघीय घटनेत याच्या तोडीची तरतूद नाही. मात्र हे साहाय्य कोणत्या रीतीने द्यायचे, ते विधिमंडळ ठरवील, अशी पुस्तीही त्याच कलमाला जोडलेली आहे. पुढच्या सर्व वादांत बेघरांच्या वकिलांनी कलमाच्या पहिल्या भागावर भर दिला, तर शहर व राज्याच्या वकिलांनी पुस्तीवर.

कॅलाहन खटला. ऑक्टोबर १९७९ मध्ये रॉबर्ट हेज या तरुण वकिलाने मॅनहॅटनच्या बावरी भागातील बेघर पुरुषांच्या वतीने राज्य व शहराविरुद्ध दावा लावला. हेज वॉल स्ट्रीटवरील एका बड्या वकिली पेढीत नोकरीस होता आणि हे काम त्याने विनामोबदला घेतले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयाने, हिवाळा तोंडावर असताना, पुरुषांना निवारा देण्याचा अंतरिम आदेश काढला. ऑगस्ट १९८१ मध्ये दोन्ही पक्षांनी संमतीच्या हुकूमनाम्यावर सह्या केल्या. ज्याच्या नावाने खटला ओळखला जातो, तो रॉबर्ट कॅलाहन त्याआधीच वारला होता. हा हुकूमनामा एकट्या पुरुषांपुरता होता. ‘एल्ड्रेज विरुद्ध कॉच’ या खटल्याने १९८३ मध्ये त्याची व्याप्ती एकट्या स्त्रियांपर्यंत वाढली. कुटुंबे अजून बाहेरच होती.

मॅकेन खटला. कुटुंबांच्या हक्काचा खरा पाया हा खटला होय. लीगल एड सोसायटी या विधिसाहाय्य संस्थेने तो १९८३ मध्ये दाखल केला. प्रमुख वादी यव्होन मॅकेन ही चार मुलांची आई मार्टिनीक या हॉटेलात ठेवलेल्या कुटुंबांपैकी होती. तक्रारी दोन प्रकारच्या होत्या : काही कुटुंबांना निवारा मिळतच नाही आणि ज्यांना मिळतो, त्यांना दिलेल्या खोल्या माणसांनी राहण्याजोग्या नसतात. कनिष्ठ न्यायालयाने दुसऱ्या तक्रारीवर किमान दर्जा आखून दिला. प्रत्येकाला पलंग किंवा तान्ह्या मुलासाठी पाळणा, स्वच्छ गादी व चादरी, पुरेशी पांघरुणे, ऊब, वापरता येण्याजोगे संडास-न्हाणीघर, दाराला कुलूप, खिडक्यांना संरक्षक गज अशा गोष्टी त्यात होत्या. न्यायाधीशाला पांघरुणे आणि पाळणे आदेशात लिहून द्यावे लागावेत, यावरूनच त्या खोल्यांची कल्पना यावी.

अपील विभागाने १९८६ मध्ये कुटुंबांना निवारा नाकारण्यास अंतरिम मनाई केली. मात्र पूर्वीच्या निर्णयांनी आपले हात बांधलेले आहेत, असे सांगून दर्जाविषयीचा आदेश रद्द केला. राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे ‘कोर्ट ऑफ अपील्स’ने, १९८७ मध्ये तो आदेश पुन्हा जिवंत केला. निवारा द्यायचाच असेल, तर तो किमान दर्जाचा असावा, असे सांगण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, एवढेच त्या निकालाने ठरवले. सतराव्या कलमाने कुटुंबाला निवाऱ्याचा हक्क मिळतो किंवा कसे, हा मुद्दा त्याने हाताळला नाही. लोकप्रिय लेखनात ‘घटनेने दिलेला हक्क’ असा सरसकट उल्लेख येतो, तो या अर्थाने सैल आहे. प्रत्यक्षात व्यवस्था टिकली, ती अंतरिम आदेशांवर व तडजोडींवर.

आदेशाची अंमलबजावणी हा पुढचा झगडा. ब्राँक्समधील अर्ज स्वीकारणाऱ्या कार्यालयात कुटुंबे रात्रभर बाकांवर, खुर्च्यांवर आणि फरशीवर झोपत. न्यायमूर्ती हेलन फ्रीडमन यांनी १९९२ मध्ये शहराच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरले आणि त्यांनीही त्या कार्यालयात एक रात्र काढावी, असा आदेश दिला. वृत्तपत्रांनी हा आदेश चवीने छापला. कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा निकाल मात्र १९९४ चा आहे. त्यात कोर्ट ऑफ अपील्सने शहराच्या यंत्रणेवरील अवमानाचा ठपका कायम ठेवला. कॉच, डिंकिन्स, जुलियानी व ब्लूमबर्ग अशा चार महापौरांच्या कारकिर्दीत खटला चालू राहिला. सप्टेंबर २००८ मध्ये ‘बॉस्टन विरुद्ध न्यूयॉर्क शहर’ या नावाखाली झालेल्या तडजोडीने तो संपला. न्यायालयाची रोजची देखरेख थांबली आणि बदल्यात मुले असलेल्या कुटुंबांना निवारा देण्याची जबाबदारी शहराने कायमस्वरूपी मान्य केली.

हॉटेलांचा काळ. मॅनहॅटनमधील मार्टिनीक, हॉलंड व प्रिन्स जॉर्ज ही १९८० च्या दशकातील कुप्रसिद्ध नावे. एका खोलीत संपूर्ण कुटुंब राही. स्वयंपाकघर नसल्याने चोरून आणलेल्या विजेच्या शेगडीवर अन्न शिजवले जाई. अशा खोलीसाठी शहर महिन्याला दीड हजार डॉलरांच्या पुढे मोजत असे. त्याच सुमारास, म्हणजे १९८८ मध्ये, रोख साहाय्यावरील तिघांच्या कुटुंबाला घरभाड्यापोटी मिळणारा कमाल भत्ता महिना २८६ डॉलर होता. एवढ्यात शहरात घर मिळत नसे आणि भत्त्याबाहेरचा पैसा हॉटेलासाठी उपलब्ध असला, तरी घरासाठी नसे. या व्यवस्थेविषयी झालेल्या सर्व टीकेचे मूळ याच दोन आकड्यांत आहे. जोनाथन कोझोल यांच्या १९८८ मधील पुस्तकामुळे मार्टिनीक देशभर माहीत झाले. दशकाच्या अखेरीस तेथील कुटुंबे हलवण्यात आली. हॉटेलांचा वापर मात्र बंद पडला नाही. निवारागृहे भरली की शहर पुन्हा हॉटेलांकडे वळते.

पैसा. सुरुवातीचा मोठा वाटा ‘कुटुंबांना आणीबाणीचे साहाय्य’ या संघीय योजनेतून येई. १९६७ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातील दुरुस्तीने ती सुरू झाली. निम्मा खर्च केंद्र उचली; उरलेला राज्य व शहर वाटून घेत. बारा महिन्यांत ३० दिवसांपुरते साहाय्य अशी मूळ मर्यादा होती. न्यूयॉर्कमधील मुक्काम महिनोन्महिने चालत असल्याने केंद्राने ही मर्यादा काटेकोर करण्याचा प्रयत्न १९८७ मध्ये केला आणि काँग्रेसने तो रोखून धरला. १९९६ च्या कल्याणविषयक सुधारणा कायद्याने ही योजना व मुलांच्या कुटुंबांचे जुने रोख साहाय्य एकाच ठोक अनुदानात विलीन झाले. नव्या अनुदानाची देशव्यापी रक्कम वर्षाला सुमारे १६.५ अब्ज डॉलरवर गोठवलेली राहिली. त्यामुळे वाढत्या खर्चाचा भार खालच्या पातळीवर सरकला.

भाडेभत्त्याची बाजूही न्यायालयात गेली. ‘जिगेट्स विरुद्ध ग्रिंकर’ (१९९०) या खटल्यात कोर्ट ऑफ अपील्सने म्हटले की, भत्त्याचा प्रत्यक्ष भाड्यांशी वाजवी संबंध असला पाहिजे. तरीही २८६ डॉलरचा आकडा २००३ पर्यंत हलला नाही. त्या वर्षी तो ४०० झाला. मधल्या काळात खटल्यामुळे मिळणाऱ्या पूरक रकमांवर हजारो कुटुंबांनी घरे टिकवली. पुढे शहराने भाडेसाहाय्याच्या योजना आणल्या. २००७ ची ‘ॲडव्हांटेज’ राज्याने हात आखडता घेताच २०११ मध्ये कोसळली आणि तिच्यावर विसंबून घर घेतलेली अनेक कुटुंबे निवारागृहांत परतली. २०१४ नंतर आलेल्या निरनिराळ्या योजना २०१८ मध्ये ‘सिटीफेप्स’ या नावाखाली एकत्र करण्यात आल्या.

कमावत्या कुटुंबांकडून निवाऱ्याचे भाडे घेण्याचा प्रयोग मे २००९ मध्ये झाला व काही आठवड्यांतच थांबवावा लागला.

प्रवेश व पडताळणी. मुले असलेल्या सर्व कुटुंबांसाठी एकच प्रवेशद्वार आहे : ब्राँक्समधील पूर्व १५१ व्या रस्त्यावरील ‘पाथ’ हे केंद्र. तेथील सात मजली नवी इमारत २०११ मध्ये उघडली. अर्ज करताना ओळखीचे व नात्याचे पुरावे आणि मागील दोन वर्षांत कोठे कोठे राहिलो, याची संपूर्ण जंत्री द्यावी लागते. चौकशी होईपर्यंत कुटुंबाला साधारणतः दहा दिवसांसाठी सशर्त जागा मिळते. तपासनीस जुन्या पत्त्यांवर जातात, घरमालकांना व नातलगांना विचारतात. आजी, मावशी किंवा मैत्रीण यांच्या घरी परत जाता येईल, असा निष्कर्ष निघाला की अर्ज फेटाळला जातो. ते घर खचाखच भरलेले आहे, किंवा घरधनीण आता ठेवून घ्यायला तयार नाही, असे सांगून कुटुंब पुन्हा अर्ज करते. एका प्रवेशापूर्वी अनेक अर्ज झाल्याची उदाहरणे सर्रास आढळतात. फेटाळणीविरुद्ध राज्याकडे सुनावणी मागता येते. पूर्वी दर फेरअर्जाच्या वेळी मुलांनाही शाळा बुडवून आणावे लागे; पुढे ही अट शिथिल करण्यात आली. घरगुती हिंसेमुळे बाहेर पडलेल्या स्त्रियांची छाननी स्वतंत्रपणे होते. अपत्य नसलेली जोडपी व प्रौढ मुले असलेले पालक यांची नोंदणी मॅनहॅटनमध्ये होते.

शहराच्या मते ही छाननी नसेल, तर गरजूंसाठीच्या जागा इतर कुटुंबे अडवतील. विधिसाहाय्य संस्थांच्या मते तीच हक्काला लावलेली अघोषित कात्री आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे न्यायालयात अनेकदा मांडले गेले आहे.

निवारागृहांचे प्रकार. राज्याच्या नियमावलीतील दुसऱ्या श्रेणीची निवारागृहे, खाजगी इमारतींतून विखुरलेली भाड्याची घरे (२००० पासून, २०१७ च्या शहर आराखड्यानंतर ती टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली) आणि व्यावसायिक हॉटेले.

मुले व शिक्षण. जुलै १९८७ च्या मॅकिन्नी कायद्याने व त्याच्या पुढील दुरुस्त्यांनी बेघर मुलांना मूळ शाळेतच शिकत राहण्याचा हक्क दिला. पत्ता बदलला, तरी शाळा बदलावी लागत नाही.

परिणामांविषयीचे वाद. चांगला निवारा किंवा तेथून मिळणारे अनुदानित घर यांच्या आशेने कुटुंबे मुद्दाम बेघर होतात, असा आक्षेप जुना आहे. १९९० च्या सुमारास डिंकिन्स प्रशासनाने निवारागृहांतील कुटुंबांना भराभर सार्वजनिक घरे दिली आणि त्यानंतर अर्ज वाढले. तेव्हापासून या आक्षेपाला बळ मिळाले. मायकेल क्रॅग व ब्रेंडन ओफ्लाहर्टी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये त्या काळाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. अनुदानित घराच्या शक्यतेने अर्ज काही प्रमाणात वाढतात, हे त्यांनी मान्य केले. परंतु घरे दिल्याने जितकी कुटुंबे बाहेर पडतात, त्या मानाने ही वाढ फारच थोडी असते, असे त्यांना आढळले. धोरणकर्त्यांच्या भाषणांत या निष्कर्षाचा पूर्वार्ध अधिक ऐकू येतो. मुक्काम लांबत गेला, याविषयी मात्र दुमत नाही : २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुले असलेल्या कुटुंबांचा सरासरी मुक्काम ४०० दिवसांच्या पुढे गेला होता. ‘आणीबाणी’ हे नाव तेव्हाही कायम होते.

२०२२ नंतर. दक्षिण सीमेवरून आलेल्या आश्रयार्थींमुळे व्यवस्थेवर अभूतपूर्व ताण पडला. त्यांच्यासाठी वेगळी आपत्कालीन केंद्रे उघडण्यात आली. मॅनहॅटनमधील रूझवेल्ट हॉटेल मे २०२३ ते जून २०२५ या काळात स्वागत केंद्र होते. काही केंद्रांतील कुटुंबांना ६० दिवसांनी जागा सोडून पुन्हा अर्ज करण्याच्या नोटिसा देण्यात आल्या. मार्च २०२४ मध्ये कॅलाहन हुकूमनाम्याविषयी झालेली तडजोड एकट्या प्रौढांपुरती आहे.

इतर राज्ये. मॅसॅच्युसेट्सने १९८३ च्या कायद्याने कुटुंबांना निवाऱ्याचा हक्क दिला. तेथे हक्क कायद्यातूनच आलेला असल्याने तो आवळणेही सोपे गेले : नोव्हेंबर २०२३ मध्ये एकूण ७,५०० कुटुंबांची मर्यादा घालण्यात आली आणि २०२४ मध्ये मुक्कामाच्या कालावधीवरही बंधन आले. कॅलिफोर्नियाची रीत निराळी आहे. तेथे रोख साहाय्यास पात्र असलेल्या बेघर कुटुंबाला जागा नव्हे, तर कमाल १६ दिवसांच्या हॉटेलचे पैसे मिळतात; चौघांपर्यंतच्या कुटुंबाला दिवसाला ८५ डॉलर. नवे घर घेताना अनामत रक्कम व शेवटच्या महिन्याचे भाडे यांसाठी स्वतंत्र मदत आहे. हे साहाय्य पूर्वी, काही अपवाद वगळता, आयुष्यात एकदाच मिळे. २०१७ पासून ते बारा महिन्यांतून एकदा मिळते.