ढोल हिरावला तेव्हा

गुलाम करून अटलांटिकपार नेलेल्या आफ्रिकी माणसांची संस्कृती सगळीकडे एकच, असे सर्रास बोलले जाते. आम्हांला ते पुरते पटत नाही. ठेका एका घरचा खरा. पण वाद्य कोणते, हे मालकाच्या कायद्याने ठरविले.

१७३९ साली दक्षिण कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केले. ढोल वाजवीत ते निघाले होते. पुढच्याच वर्षी मालकांनी कायदा करून ढोल-शिंगे बंद केली. मग हातपाय हेच वाद्य झाले. टाळ्यांवर आणि पावलांच्या ठेक्यावर गोल फिरत भजने होऊ लागली.

क्यूबात स्पॅनिश सरकारने गुलामांना आपापल्या जमातीची मंडळे काढू दिली. (दयेपोटी नव्हे, फुटलेले लोक ताब्यात राहतात, हे मालकांना नेहमीच ठाऊक असते!) शिवाय तिथे १८६० नंतरही आफ्रिकेतून माणसे आणली जात होती. म्हणून योरुबांचा बाता ढोल टिकला, आणि मेघगर्जनेचा देव शांगो संत बार्बराआड पूजा घेत राहिला.

त्रिनिदादची गोष्ट आम्हां कामगारांच्या जिव्हाळ्याची. १८८१ च्या दंग्यानंतर इंग्रजांनी तिथे ढोलावर निर्बंध आणले. लोकांनी बांबू तोडून जमिनीवर आपटले. पुढे बेटावर तेल निघाले. १९३७ साली तेलकामगारांचा मोठा संप झाला. त्याच सुमारास गरीब वस्त्यांतल्या पोरांनी बिस्किटांचे डबे आणि पुढे तेलाची रिकामी पिंपे ठोकून ठोकून त्यांतून सूर काढले. १९५१ मध्ये ही पिंपे लंडनच्या महोत्सवात वाजली.